व्हाया कळंब

मार्च महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेअकरा. रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये, मंगल कार्यालयाचं भाडं, दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, अवसरी खुर्दचे होणारे व्याही आणि कळंबचे माझे मेव्हणे, म्हणजे मुलीचे एकुलते एक मामा. सुपारी फुटली, पेढे वाटले, कोणाचाही आवाज चढला नाही. बैठक बारा वाजता संपली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. ती साडेबाराला संपली, कारण मधल्या अर्ध्या तासात मी पाहुण्यांना माझी रेल्वे दाखवली.

जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या दोन तालुक्यांत वीतभर रूळ नाही. रेल्वे येणार, हे मात्र मी शाळेत असल्यापासून ऐकतो. मोजणीवाले आले, गेले, पुन्हा आले. बांधावर खुणेचे दगड रोवले, त्या दगडांना लोकांनी शेळ्या बांधल्या. रेल्वेच्या भरवशावर जमिनींचे भाव चढले, सख्खे भाऊ कोर्टात गेले, भाव उतरले, भाऊ कोर्टातच राहिले. गाडी तेवढी आली नाही. ती मी आठ दिवसांत आणली, तीही कोणाची गुंठाभर जमीन न घेता.

मुलगी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली. ती नोकरीला लागली आणि तिचा जुना संगणक घरी उरला. "बाबा, दिवसभर मोबाइलवर गावाच्या ग्रुपमधली भांडणं वाचता, त्यापेक्षा हे खेळा," म्हणून तिने रेल्वेचा एक गेम त्यात टाकून दिला. या गेममध्ये गाडी आपण चालवायची नसते. डोंगर, नद्या, गावं मांडायची, रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे आणि गाडीला कुठून कुठे जायचं तेवढं सांगायचं. मधली वाट संगणक शोधतो. प्रत्येक वाटेला तो दंड लावतो: लांबीचा इतका, सांध्याचा, म्हणजे रूळ बदलण्याचा, इतका, लाल सिग्नलपाशी थांबण्याचा इतका, फलाटातून हळू जाण्याचा इतका. जिचा दंड सगळ्यांत कमी, ती वाट. त्याला राग नाही, लोभ नाही, सासुरवाडी नाही.

हे शेवटचं मला फार आवडलं. बावीस वर्षं मी एका डेअरीत दुधाच्या टेंपोंच्या फेऱ्यांचा तक्ता लिहितो. कोणता टेंपो कोणत्या गावाहून किती वाजता निघाला, किती लिटर आलं, डिझेल किती गेलं. एका संचालकाच्या मेव्हण्याच्या गोठ्यावरून सहा किलोमीटरचा वळसा घालायला लावलेला टेंपो मी पाहिला आहे, आणि मे महिन्यात त्या टेंपोत नासलेलं दूधही. कारणाच्या रकान्यात मला 'उष्णता' असं लिहायला सांगितलं होतं. त्यामुळे गेममध्ये मी एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवली. त्यात 'व्हाया' नावाचा हुकूम असतो. गाडीला अमुक ठिकाणावरूनच जा, असं बजावता येतं. तो हुकूम मी वापरणार नव्हतो. माझ्या रेल्वेत वशिला चालणार नव्हता.

तर त्या रविवारी संगणक चालूच होता. व्याह्यांनी डोकावून पाहिलं. "हे काय हो पावणं?"

मी सांगितलं. जुन्नर, नारायणगाव, मंचर, अवसरी. गाड्या पळत होत्या.

"आमच्या अवसरीला ठेशन दिलंय व्हय!" ते खूश झाले. "आन् ह्ये दोन कशाचं?"

"दोन फलाट आहेत. कॉलेजची पोरं जास्त, म्हणून."

व्याही हसले. मेव्हणे हसले नाहीत. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि बोटाने रूळ चाचपत नारायणगावपासून खाली आले. "कळंब?"

"आहे ना. हे बघा दादा, फलाट आहे, पत्र्याचं छप्परसुद्धा आहे."

"मंग गाडी कुठं जाती ही?"

जुन्नरहून निघालेली जलद गाडी नारायणगाव सोडून दक्षिणेला आली, कळंबच्या अलीकडच्या सांध्यावर पोहोचली आणि सांधा बदलून गावाच्या बाहेरून सरळ मंचरकडे निघून गेली. मागची पॅसेंजर तशीच गेली. मागची मालगाडीही. कळंबच्या फलाटावर एक माणूस नव्हता.

"हितं बी बायपास?" मेव्हणे म्हणाले.

इथे मेव्हण्यांबद्दल सांगायला हवं. पुणे–नाशिक रस्त्यावर, कळंबमध्ये, जुन्या हायवेला लागून त्यांचं हॉटेल आहे. चहा, भजी, मिसळ. त्यांच्या वडिलांनी टाकलेलं. एसटी थांबायच्या, ट्रक थांबायचे, नाशिकला देवाला निघालेल्या जीपा थांबायच्या. मग गावाबाहेरून बायपास झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. हॉटेलला दूध आमच्याच डेअरीचं जातं. बायपासच्या आधी रोजचं साठ लिटर. आता नऊ. हे दोन्ही आकडे माझ्याच हाताने माझ्याच वहीत लिहिलेले. तरीही त्या रविवारी मी काय केलं? मी त्यांना आकडे सांगितले.

"दादा, ते मी नाही केलं. गावातून गेलं तर सहा मिनिटं पस्तीस सेकंद. बाहेरून चार मिनिटं दहा. संगणकाचं काही चुकलेलं नाही."

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला कळायला पंधरा दिवस लागले.

"तुमच्या यवायांना दोन फलाट," मेव्हणे उठत म्हणाले, "आन् आमाला पत्रा."

"दादा, मी माझ्या स्वतःच्या गावाला, मढला, तर स्टेशनच दिलं नाही. तिकडचा चढ हिशेबात बसेना."

"तुमच्या मढला जातंय कोन?"

आणि पेढा खिशात टाकून ते निघून गेले. खाल्ला नाही. खिशात टाकला. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

पंधरा दिवसांनी बस्ता होता. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, आणि तिला मुलीचा मामा लागतोच. पिढ्यान्‌पिढ्या आमची घरं एकाच दुकानातून बस्ता बांधतात. दुकानदारांचे पणजोबा राजस्थानातून आले. हे आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही हे कापड फाडण्याआधी ओळखतात. गाद्यांवर दोन्हीकडची माणसं बसली. साड्यांचे ढीग लागले. मामा आले नाहीत. फोन लावला तर म्हणाले, "हाटेलात गर्दी हाय." त्यांच्या हॉटेलात गर्दी नाही, हे माझ्या वहीत होतं.

दुकानदारांनी विचारलं, "मामांचा फेटा कोणत्या रंगाचा काढू?"

मी किमतीच्या चिठ्ठ्या पाहू लागलो.

"केशरी काढा," बायको म्हणाली.

"नाही लागला तर परत घेता का?" मी विचारलं. किंमत साडेसहाशे होती, विचारणं गैर नव्हतं.

दुकानदारांनी फेट्याची घडी घालताना माझ्याकडे पाहिलं. "साहेब, फेटा परत घेतो. मामा मिळत नाही आमच्याकडे."

सगळं दुकान हसलं. घरी आल्यावर बायको बोलली. मुलीला बोहल्यावर मामा आणतो. आमच्याकडे मामाशिवाय मुलगी उभी राहिली, तर लोक आई मेली की माहेर मेलं असं विचारतात. "माझा एकच भाऊ हाय," ती म्हणाली, "आन् तुमी त्याला गाडीवरनं घालवला. तीबी खोट्या गाडीवरनं."

दुसऱ्या दिवशी ती कळंबला जाऊन आली. येताना निरोप घेऊन आली. मेव्हण्यांची अट साधी होती: एक तरी गाडी कळंबवरून गेली पाहिजे, आणि ती त्यांना दाखवायला हवी. तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही.

"त्यात काय," मुलगी म्हणाली. "बाबा, व्हाया टाका ना. दोन क्लिक."

मी नाही म्हणालो. त्यांना टेंपोची गोष्ट सांगितली, संचालकाच्या मेव्हण्याची, नासलेल्या दुधाची.

"त्या दुधाचे पैसे तुमी भरले व्हते का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मंग हिथं कशाचं नासणार हाय?"

तरी माझं म्हणणं मला पटत होतं. हुकूम देऊन नेलेली गाडी ही काही आलेली गाडी नव्हे. मेव्हण्यांना फसवायचं नव्हतं. संगणकानेच आपल्या बुद्धीने कळंबची वाट निवडली पाहिजे; मी फार तर ती वाट चांगली करून देईन. माणूस स्वतःला किती सोवळा समजतो ते पुढे दिसेलच.

पहिल्या आठवड्यात मी कळंबमधला रूळ नवा केला, वेग वाढवला. सहा पस्तीसचे पाच पन्नास झाले. गाड्या बाहेरूनच गेल्या. दोन जास्तीचे सांधे काढले. पाच वीस. गाड्या बाहेरून. लाल सिग्नलची जागा बदलली, वळण सरळ केलं, त्यासाठी गेममधला एक अख्खा डोंगर कापला. चार मिनिटं पंचावन्न. बाहेरून. पंचेचाळीस सेकंद राहिले होते आणि ते काही केल्या सुटेनात. कारण साधं होतं. बायपास बायपास असतो. तो गाव टाळायलाच काढलेला असतो. गावाने कितीही सुधारणा केली तरी गाव म्हटल्यावर फलाट येतो, सांधा येतो, सिग्नल येतो, आणि संगणकाच्या लेखी हे सगळे दंड. गाव हाच दंड.

हे कळल्यावर मला कळंबचं हॉटेल आठवलं. मेव्हण्यांनी त्यांच्या हॉटेलात नव्या खुर्च्या घेतल्या होत्या, भिंतीला रंग दिला होता, पाटी दिव्यांची केली होती. तीही पंचेचाळीस सेकंदांचीच मेहनत.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. मी 'व्हाया' वापरला नाही. टोमॅटोची एक लांब मालगाडी घेतली, तिला बायपासवर नेली आणि मधोमध उभी करून ठेवली. हुकूम कोणालाच द्यायचा नाही. फक्त दुसरी वाट बंद करायची आणि मग म्हणायचं, बघा, आपल्या मर्जीने आले. ही युक्ती मी कुठे शिकलो ते विचारू नये. बावीस वर्षं डेअरीच्या निवडणुका पाहिल्या आहेत.

पहिली जलद गाडी सांध्यावर आली. थबकली. आणि कळंबकडे वळली. मी खुर्चीतून उठलो. बायकोला हाक मारली. तिने पाहिलं आणि चप्पल घालून थेट एसटी स्टँड गाठला, भावाला आणायला.

ती बाहेर पडली आणि दहा मिनिटांत माझी चूक उघडी पडली. बायपास बंद झाल्यावर ती एकच गाडी नव्हे, सगळ्याच गाड्या कळंबकडे वळल्या. जाणाऱ्या आणि येणाऱ्याही. कळंबमधून रूळ एकेरी, फलाटापाशी क्रॉसिंगची सोय जेमतेम दोन गाड्यांची. वरून चार आल्या, खालून तीन आल्या. एकीला पुढे जायला समोरची हवी बाजूला, समोरचीला बाजूला जायला मागची हवी मागे, आणि मागचीच्या मागे तिसरी. सात गाड्या एकमेकींच्या नाकासमोर उभ्या राहिल्या. सगळे सिग्नल लाल. तीन पॅसेंजर, चार मालगाड्या. एकही हलेना.

माझ्या आयुष्यात माझ्या तक्त्यावर असा गोंधळ कधी झाला नव्हता. मी घामाघूम होऊन सांधे फिरवत होतो, एवढ्यात बायको आणि मेव्हणे दारात.

"दादा, जरा थांबा," मी म्हणालो. "आत्ता दाखवण्यासारखं नाही. घोटाळा झालाय."

ते ऐकायला थांबलेच नाहीत. खुर्ची ओढून बसले. बोटाने मोजलं. एकदा, दोनदा.

"सात?"

"सात. सगळ्या अडकल्यात."

"कळंबात?"

"कळंबातच. पण सोडवतो, अर्ध्या तासात—"

"दाजी!" त्यांनी माझा हात धरला. "हात लावू नका!"

मला काही कळेना. मेव्हण्यांच्या तोंडावर जे होतं ते मी बायपास झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

"सात गाड्या, आक्का!" ते बहिणीला म्हणाले. "आन् कुनालाबी पुढं जाता येईना! आगं, लई दिवसांनी असं झालंय. घाटात दरड पडली व्हती त्या साली आठवतं का? दोन दिस लाइन लागली व्हती, आपल्या आबांनी पातेलं उतरवलंच न्हाई चुलीवरनं. पळत्या गाडीचा आमाला काय उपेग? पळती गाडी कुनाची झालीय? अडकली, की मानूस खाली उतरतो. उतरला, की हिकडंतिकडं बघतो. बघितलं, की च्या मागतो!"

मी तीन आठवडे डोंगर कापून गाड्यांचे सेकंद वाचवत होतो. ज्यांच्यासाठी वाचवत होतो त्यांना सेकंद वाचायलाच नको होते.

"मानसं किती हायेत ह्यात?" त्यांनी विचारलं.

गेममध्ये ते दिसतं. तिन्ही पॅसेंजर मिळून दोनशे बारा.

"दोनशे बारा!" त्यांनी डोळे मिटून घेतले. बहुतेक पातेली मोजत असावेत.

तर अशा रीतीने माझ्या हिशेबातली सगळ्यांत मोठी नामुष्की ही माझ्या मेव्हण्यांची समजूत ठरली. ते जेवून गेले. दोन वाट्या आमरस घेतला. दारात चपला घालताना म्हणाले, "फेटा केशरी हाय म्हनं?" बायकोने डोळे पुसले. मग ते माझ्याकडे वळले. "येतो मी लग्नाला. मुलीला मीच आननार. पन एक हाय दाजी. लगीन हुईस्तवर गाड्या तिथनं हलवायच्या न्हाईत."

"बरं. गेम थांबवून ठेवतो, जशाच्या तशा राहतील."

"थांबवून न्हाई. फोटू नको मला. चालू पायजे. इंजान चालू आन् गाडी हुभी, तवाच मानूस खाली उतरतो."

ती अट मी मान्य केली. मान्य केली म्हणजे पाळणं आलं. रोज संध्याकाळी सातला मेव्हण्यांचा व्हिडिओ फोन यायचा. मी संगणक लावायचा, फोन पडद्यासमोर धरायचा. "हायेत का?" "आहेत." "सातच्या सात?" "सातच्या सात." कधी हॉटेलात बसलेल्या दोघातिघांनाही ते दाखवायचे. मागून आवाज यायचा, "आयला, आपल्या कळंबात जाम!" फोन झाला की मी गेम आहे तसा साठवून संगणक बंद करायचो. माझ्या कानावर आलं की हॉटेलात त्या वेळेला बरीच माणसं जमू लागली होती. आठवड्याअखेर वही पाहिली. नऊ लिटरचे अकरा झाले होते. खोट्या जामाने दोन लिटर खरं दूध खपलं. हे मी कारणाच्या रकान्यात काय म्हणून लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

हळदीच्या दिवशी घरात पन्नास माणसं. मढची सगळी भावकी आली होती. सातला मेव्हण्यांचा फोन आला, मी संगणक लावला, दाखवला, तेवढ्यात कोणीतरी मांडवात बोलावलं, आणि मी संगणक बंद करायचा विसरलो. आयुष्यात मी दिवा बंद करायला विसरलेलो नाही. तो दिवस मुलीच्या हळदीचा होता, एवढंच सांगू शकतो.

सकाळी साडेसहाला अवसरीकडे निघायला बस दारात उभी होती. मी आतल्या खोलीत पाकिटं घ्यायला गेलो तर पडदा उजळलेला. कळंबचा रूळ मोकळा. फलाटावर कोणी नाही. सगळे सिग्नल हिरवे.

मी बसून पाहिलं. बायपासवर उभी केलेली टोमॅटोची मालगाडी तिथे नव्हती. गेमचा एक नियम मी वाचला नव्हता: गाडी सलग ठरावीक वेळ उभी राहिली की संगणक तिला आपण होऊन सोडतो. रोजच्या पाच मिनिटांत ती वेळ भरत नव्हती. त्या एका रात्रीत भरली. मालगाडी सुटली, बायपास खुला झाला. मग कळंबात सगळ्यांत मागे उभी असलेली गाडी उलटी फिरली, बाहेरून गेली. तिच्या पुढची फिरली, बाहेरून गेली. एकेक करून सातही. सगळ्या बाहेरून.

पुन्हा अडकवायला अर्धा तास तरी लागला असता. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

बायको दारात आली. तिने पडदा पाहिला, माझं तोंड पाहिलं. "त्यानं इचारलं तर आहेत म्हणायचं," ती म्हणाली.

"विचारलं नाही तर मी बोलणार नाही," मी म्हणालो. "विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"आज तरी वही मिटा हो."

बस निघाली. ड्रायव्हरने वाटेत मला न विचारता बायपास घेतला. मी मागच्या सीटवर मान खाली घालून बसलो.

कार्यालयात मेव्हणे आमच्या आधीच पोहोचलेले. कळंबहून पहाटेच निघाले होते. केशरी फेटा, नवीन पांढरा सदरा. सगळ्यांना राम राम चाललेला. माझ्याजवळ दोनदा आले, पण काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

मंगलाष्टकांना दहा मिनिटं राहिली. भटजींनी माइकवरून पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी, बायको, मेव्हणे आणि मुलगी आतल्या खोलीत. मेव्हण्यांनी भाचीचा हात धरला, दोन पावलं टाकली आणि वळले.

"दाजी, हायेत ना?"

बायकोने पदर तोंडाला लावला.

"नाहीत," मी म्हणालो.

"किती गेल्या?"

"सातही. रात्रीत कधीतरी. मी संगणक बंद करायला विसरलो."

"कुठनं गेल्या?"

"बाहेरून."

त्यांनी मुलीचा हात सोडला नाही, पण पाऊलही पुढे टाकलं नाही. फेट्याचं टोक खांद्यावरून पुढे आलं होतं, ते मागे टाकलं. माइकवरून भटजी दुसऱ्यांदा म्हणाले, "मामा, मुलीला आणा. घटिका भरत आली."

"बाहेरनंच जानार," मेव्हणे म्हणाले. आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. "आत कोन कशाला येतंय."

या खेपेला माझ्याजवळ एकही आकडा नव्हता, किंवा होते पण सांगावेसे वाटले नाहीत.

तेव्हा मुलगी बोलली. मुंडावळ्यांच्या आडून, हळू. "मामा, त्या महिनाभर तुमच्याकडे उभ्या होत्या ना?"

"व्हत्या की."

"मग चहा न पिता गेल्या असतील का?"

मेव्हण्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंडाचा एक कोपरा हलला.

"बरूबर," ते म्हणाले. "प्यायल्याच असतील. मंग दाजी, बिल?"

"कसलं बिल?"

"च्याचं! दोनशे बारा मानसं. गाड्या कुनाच्या? तुमच्या. त्यांनी न्हाई दिलं तर मालकानं द्यायचं. आमच्या हाटेलात उधारी न्हाई."

"मामा, घटिका!" माइक ओरडला.

"दादा, आधी मुलीला न्या—"

"आधी बिल. मी काय कुनाची गाडी हाय का, सांदा बदलला की चाललो?"

मी मनात गुणाकार केला. दहा रुपये कप. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली आणि राहवलं नाही. "चालकांचे धरू नका हं. गाड्या संगणक चालवतो."

"संगणकाला च्या न्हाई," मेव्हणे म्हणाले. "मंजूर."

मी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि तिथेच, आतल्या खोलीत, मुलगी उभी, बायको उभी, माइक तिसऱ्यांदा पुकारतोय, अशात नोटा मोजल्या. मेव्हण्यांनी त्या पुन्हा मोजल्या. फेट्याच्या घडीत नीट खोचल्या. मग भाचीचा हात घट्ट धरून तिला बोहल्यावर घेऊन गेले, आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या पाठीशी ताठ उभे राहिले.

दिले: दोन हजार एकशे वीस रुपये, रोख. कोणाला: मुलीच्या मामांना, कळंब. कशाबद्दल: दोनशे बारा चहा. पावती मागितली. मिळाली नाही.